कोल्ट कीं ॲडम्स?

चार गवयी एकत्र जमले म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा कोणत्या गांवचा यावर बोलणें निघतें. चार लेखक जमले तर कोणाची झरणी कशी चालते यावर. आपल्या हातांतल्या हत्याराची दुसऱ्याच्या हत्याराशीं तुलना करावी, आपलें कसें सरस आहे हें पटवावें, आणि न पटलें तरी आपलेंच खरें मानून घरीं जावें, हा मनुष्यस्वभाव आहे. पिस्तुलें बाळगणारीं माणसें याला अपवाद नाहींत. फरक एवढाच, कीं तंबोरा वाईट निघाला तर बैठक रंगत नाहीं. पिस्तूल ऐन वेळीं वाईट निघालें तर मालक पुढच्या बैठकीला नसतो. या फरकामुळें पिस्तुलांच्या मालकांचे वाद कधीं कधीं धर्मवादाच्या त्वेषानें झालेले आहेत. अशाच एका वादाची हकीकत आज श्रोत्यांस सांगावयाची आहे. तो १८५१ सालीं लंडन शहरांत सुरू झाला, क्रिमियाच्या रणांगणावर रंगला, आणि १८५७ सालीं आपल्या देशांत येऊन पोहोंचला.

पिस्तूल हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. तमंचा हा तुर्की-फारसींतून. या दोन्ही शब्दांनीं पूर्वीं जी वस्तु ओळखली जाई ती बहुतेक एकबारी असे. नळींत दारू घालावी, वर गोळी ठासावी, आणि चकमकीची ठिणगी नीट पडून बार उडाला तर देवाचे आभार मानावे. एकदां बार उडाला, कीं स्वाराच्या हातीं उरे तो लांकडाचा दांडका. म्हणून खोगिराला दोन दोन पिस्तुलें लावण्याची चाल होती, आणि म्हणूनच तलवारीची प्रतिष्ठा ढळली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चकमकीच्या जागीं तांब्याची इवलीशी टोपी आली. तिच्या आंतला स्फोटक लेप घोड्याच्या आघातानें पेटतो. पावसाच्या शिंतोड्यानें विझत नाहीं, वाऱ्यानें उडत नाहीं. ही टोपी निघाली नसती तर पुढचें महाभारत घडलेंच नसतें.

सॅम्युएल कोल्ट हा अमेरिकेंतील हार्टफोर्ड गांवचा. जन्म १८१४ चा. सोळा वर्षांचा असतांना, १८३० सालीं, तो बोस्टनहून 'कोर्व्हो' नांवाच्या गलबतावर खलाशी म्हणून चढला, आणि तें गलबत निघालें होतें आपल्या कलकत्त्यास. गलबताचें सुकाणूचें चाक फिरतें आणि हव्या त्या जागीं अडकून स्थिर राहतें, हें पाहून त्याला फिरत्या चक्राच्या पिस्तुलाची कल्पना सुचली आणि प्रवासांतच त्यानें लांकडाचा नमुना कोरला, अशी कथा सांगतात. कोल्ट हा कारागिराइतकाच जाहिरातदार होता. तेव्हां ही कथा थोडी गाळून घेतलेली बरी. फिरत्या चक्राचें चकमकीचें पिस्तूल कोलियर नांवाच्या दुसऱ्या एका अमेरिकनानें १८१८ सालींच लंडनमध्यें पेटंट करून घेतलें होतें, आणि तसलीं पिस्तुलें हिंदुस्थानांतही आलीं होतीं. कलकत्त्यास उतरलेल्या पोरानें तीं कोणा साहेबाच्या कमरेला पाहिलीं असावींत, अशी शंका कांहीं अभ्यासकांनीं घेतली आहे. असो. कोल्टला इंग्लंडचें पेटंट १८३५ मध्यें आणि अमेरिकेचें १८३६ मध्यें मिळालें, एवढें निश्चित. त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्यें बुडाला. पुढें टेक्सस प्रांतांतील वॉकर नांवाच्या एका लढवय्यानें त्याला नव्या पिस्तुलाची कल्पना दिली, आणि १८४७ मध्यें मेक्सिकोच्या युद्धासाठीं अमेरिकन सरकारनें १,००० पिस्तुलें मागविलीं. त्यांतील प्रत्येकाचें वजन साडेचार पौंडांवर, म्हणजे आपल्याकडील सव्वादोन शेर. एवढें धूड हातीं धरून नेम मारणारा मनुष्यही तसाच पाहिजे. कोल्टचें नशीब मात्र या धुडानेंच उघडलें.

१८५१ च्या मे महिन्यांत लंडनच्या हाइड पार्कांत, पॅक्स्टननें उभारलेल्या कांचेच्या महालांत, सर्व राष्ट्रांचें तें सुप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरलें. आपल्याकडे तें आठवतें तें बहुधा कोहिनुरामुळें. पंजाब खालसा करतांना घेतलेला तो हिरा तेथें सोनेरी पिंजऱ्यांत मांडला होता, आणि त्याला अपेक्षेएवढें तेज नाहीं म्हणून प्रेक्षक हिरमुसले होऊन परतत होते. अमेरिकेच्या दालनांत कोल्टनें सुमारें ५०० पिस्तुलें मांडलीं होतीं. त्यांभोंवतीं मात्र निराळा प्रकार होता. हातीं घ्यावें, घोडा चढवावा, चक्र 'खट्' करून एक घर पुढें सरकलेलें पाहावें, आणि शेजाऱ्याच्या हातीं द्यावें! त्याच प्रदर्शनांत इंग्रज कारागिराचेंही एक पिस्तूल होतें. रॉबर्ट ॲडम्स हा 'डीन' या पेढीच्या कारखान्याचा व्यवस्थापक. त्यानें त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आपलें पेटंट घेतलें होतें. लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत येथून दोन पक्ष पडले.

या दोन पिस्तुलांत फरक काय होता हें थोडें बैजवार सांगतों, कारण सगळा वाद त्यांतच आहे.

कोल्टच्या चक्रांत सहा बार, ॲडम्सच्या पांच. कोल्टचा घोडा प्रत्येक बाराला आंगठ्यानें मागें ओढून चढवावा लागे. मग चाप नुसता स्पर्शिला कीं बार उडे. चाप इतका हलका, कीं नेम हलत नसे. ॲडम्सच्या घोड्याला आंगठ्यानें धरण्याजोगें बोंडच नव्हतें. चाप जोरानें खेंचीत गेलें, कीं त्याच एका ओढींत चक्र फिरे, घोडा उठे आणि आपटे. पांच वेळां बोट आंवळलें, पांच बार झाले. वेग विलक्षण, पण त्या ओढीच्या जोरानें नळी डगमगे आणि वीस पावलांपलीकडचा नेम बिघडे. कोल्टची नळी चक्राच्या पुढें पाचरीनें बसविलेली, चक्रावर आडवें कांहीं नाहीं. ॲडम्सची नळी आणि सांगाडा एकाच पोलादाच्या तुकड्यांतून घडविलेला, चक्राच्या वरून मजबूत पट्टी. हातघाईंत कोणाच्या डोक्यांत घालावयाची वेळ आली, तर ॲडम्सच्या मालकास पाचर निखळण्याची धास्ती नसे.

गोळीचाही प्रश्न होता. कोल्टच्या त्या सालच्या 'नेव्ही' पिस्तुलाची नळी इंचाच्या शंभर भागांपैकीं छत्तीस भागांची; एका पौंड शिशांत तिच्या ऐंशींहून अधिक गोळ्या होत. ॲडम्सचें जें माप अधिकाऱ्यांनीं पुष्कळ उचललें त्याच्या गोळ्या एका पौंडांत चौपन्न, आणि मोठ्या मापाच्या तर अडतीसच. म्हणजे कोल्टची गोळी लहान नि वेगवान, ॲडम्सची जाड नि जड. याच्या उलट, कोल्टच्या नळीखालीं गोळी दाबून बसविणारा दांडा होता; ॲडम्सच्या पहिल्या पिस्तुलांत तो नव्हता. गोळी आंगठ्यानें ढकलावयाची. आणि घोडा दौडतांना ती सैल होऊन पुढें सरकण्याचें भय. उलटपक्षीं कोल्टच्या फुटक्या टोपीचा कपटा यंत्रांत अडकून चक्र बंद पडे, ही त्याच्या मालकांचीही कबुली.

याशिवाय आवडीनिवडी होत्याच, आणि त्यांना कारण लागत नाहीं. 'नेव्ही' पिस्तुलाच्या चक्रावर १८४३ सालच्या एका आरमारी लढाईचें चित्र कोरलेलें असे. टेक्ससचीं जहाजें मेक्सिकोच्या जहाजांशीं लढत आहेत. त्यावरूनच त्या पिस्तुलास तें नांव पडलें. चित्राचा नेमाशीं कांहीं संबंध नाहीं. पण मूठ हाताला लोण्यासारखी बसते, वजनाचा तोल साधलेला आहे, आणि वर हें चित्र. मग माणसाचें मन जडतें. ॲडम्सचे चाहते असलीं चित्रें पोरकट समजत आणि हाताची घडणावळ दाखवीत. इंग्रज बंदूकवाल्याच्या दुकानांत प्रत्येक भाग कानशीनें घासून दुसऱ्याशीं जुळविलेला असे. कोल्ट म्हणे, माझ्या कारखान्यांत यंत्र भाग घडवितें, आणि एकाचा भाग दुसऱ्यास बसतो. १८५१ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या स्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढें त्यानें या विषयावर निबंध वाचला, आणि संस्थेचें टेलफोर्ड पदक मिळविलें. १८५३ च्या आरंभीं थेम्सच्या कांठीं पिमलिको भागांत त्यानें कारखानाच उघडला. डिकन्सच्या साप्ताहिकांत १८५४ मध्यें त्याचें वर्णन आलें. तोफखान्यांत कधीं पाऊल न टाकलेलीं साधीं माणसें, बायकासुद्धां, तेथें यंत्रापुढें उभीं राहून पिस्तुलांचे भाग काढीत आहेत, ही गोष्ट त्या वेळच्या इंग्रजांस नवलाची वाटली. मला वाटतें, या वादांत खरी लढाई आंगठ्याची आणि बोटाची नव्हतीच. कानशीची आणि यंत्राची होती. बोलणारांस तें पुरतें उमगलें नव्हतें इतकेंच.

इंग्रज अधिकारी आपलें पिस्तूल स्वतःच्या पैशानें विकत घेत, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. शिपायास जी बंदूक मिळे ती तो गुपचूप खांद्यावर टाकी. अधिकाऱ्यास निवड होती, म्हणून मत होतें. आणि पैसे गेलेले असल्यामुळें तें मत सहसा बदलत नसे. दोन्ही कारखानदारांनीं हें ओळखलें. समाधानी गिऱ्हाइकांचीं पत्रें छापण्याची जी रीत आज तेलापासून चहापर्यंत सर्वत्र दिसते, ती पिस्तुलांच्या बाबतींत तेव्हांच पूर्णत्वास गेली होती. कोल्ट तर राजेरजवाड्यांस सोन्याची नक्षी केलेलीं पिस्तुलें नजर करी. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान एकमेकांशीं लढत होते; कोल्टचें नजराण्याचें पिस्तूल दोघांकडेही होतें.

या पत्रांपैकीं एक फार गाजलें. १८५४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस क्रिमियांत इंकरमनची लढाई झाली. दाट धुकें, कोण आपला नि कोण परका हें दहा पावलांवर येईतों कळेना. अठ्ठ्याऐंशीव्या पलटणींतला क्रॉस नांवाचा अधिकारी रशियन शिपायांच्या गराड्यांत सांपडला. त्याच्या हातीं ॲडम्सचें मोठ्या मापाचें पिस्तूल होतें. मागाहून त्यानें ॲडम्सला कळविलें, कीं प्रत्येक बारापूर्वीं घोडा चढवावा लागता तर आपला जीव गेला असता. ॲडम्सच्या पक्षानें हें पत्र जिकडे तिकडे नाचविलें, यांत नवल नाहीं. साक्ष खरी होती. परंतु असल्या साक्षींत एक उणीव असते, ती सरकारी चौकशांतही कोणी बोलून दाखविली नाहीं. पत्र लिहितो तो वांचलेला. ज्याच्या ॲडम्सची गोळी दौडींत सरकून चक्र अडलें, किंवा ज्याच्या कोल्टमध्यें टोपीचा कपटा गुंतला, त्याचें पत्र कोणत्याच कारखानदाराकडे येत नाहीं.

वाद मिटविला तो बोमाँट नांवाच्या एका तरुण इंजिनियर अधिकाऱ्यानें. १८५६ च्या फेब्रुवारींत त्यानें ॲडम्सच्या यंत्रांत अशी सुधारणा केली, कीं वेळ असेल तर आंगठ्यानें घोडा चढवून नेम धरावा, आणि वेळ नसेल तर नुसता चाप ओढीत सुटावें. गोळी दाबणारा दांडाही तोंपर्यंत आला होता. इंग्रज सरकारनें युद्धकाळांत कोल्टचीं वीस हजारांहून अधिक पिस्तुलें घेतलीं होतीं; युद्ध संपतांच मागणी आटली, आणि पिमलिकोचा कारखाना बंद झाला. सैन्यानें बोमाँट-ॲडम्स पसंत केलें. एवढ्यावर पडदा पडावयास हरकत नव्हती. पण पुढच्याच वर्षीं हीं दोन्ही पिस्तुलें मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौच्या रस्त्यांवर आलीं.

सत्तावनच्या धामधुमींतील एक प्रसंग फॉस्बेरी नांवाच्या अधिकाऱ्यानें शतकाच्या अखेरीस लंडनच्या लष्करी विद्वानांपुढें व्याख्यानांत सांगितला. फॉस्बेरीनें स्वतः हिंदुस्थानांत नोकरी केली होती आणि १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरील मोहिमेंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. त्याची हकीकत अशी: पिस्तुलाच्या नेमाचा मोठा अभिमान बाळगणारा एक इंग्रज अधिकारी होता. कमरेला कोल्टचें 'नेव्ही'. एक धिप्पाड बंडवाला शिपाई जड तलवार उपसून त्याच्यावर धांवला. अधिकारी डगमगला नाहीं. त्यानें नेम धरून एकामागून एक गोळ्या झाडल्या. शिपाई थांबला नाहीं. तो जवळ आला, आणि त्यानें साहेबाचें मस्तक दुभंगलें. मागाहून पाहिलें तेव्हां त्या शिपायाच्या छातीवर पांच गोळ्यांच्या जखमा जवळजवळ सांपडल्या. दोघेही मेले होते.

फॉस्बेरीला या कथेंत गोळीचें माप दिसलें: लहान गोळी आरपार जाते, पण धांवत्या माणसास थोपवीत नाहीं, म्हणून गोळी जड पाहिजे. श्रोत्यांनींही तेंच ऐकलें. त्या शिपायाचें नांव कोणीं विचारलें नाहीं, आणि पांच गोळ्या छातींत घेऊन तो पुढें कां गेला हा प्रश्न शस्त्रशास्त्राच्या कक्षेबाहेरचा ठरला. पिस्तुलांच्या ग्रंथांतून ही कथा पुढें पुनःपुन्हां छापली गेली आहे, आणि बहुतेक ठिकाणीं ती त्याच एका उपयोगासाठीं.

उपयोग मात्र झाला. इंग्रज सैन्याचें पिस्तूल तेव्हांपासून जड गोळीचें राहिलें. १८८७ मध्यें बर्मिंगहॅमच्या वेब्ले कारखान्याचें पिस्तूल सरकारी झालें; तें मध्यावर वांकवून उघडलें कीं सहाही रिकामीं काडतुसें आपोआप बाहेर पडत. खुद्द कोल्टच्या कारखान्यानें, कोल्ट १८६२ मध्यें वारल्यानंतर, १८७३ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध पिस्तुलाच्या चक्रावर पोलादाची पट्टी आणली. म्हणजे सांगाड्याच्या बाबतींत ॲडम्सचें म्हणणें मान्य केलें. फॉस्बेरीनेंही स्वतः एक नमुना काढला, त्यांत बाराच्या धक्क्यानेंच चक्र फिरून घोडा चढे. आंगठा नको आणि बोटाची ओढही नको! कागदावर यासारखें दुसरें पिस्तूल नाहीं. चिखलांत मात्र तें रुसत असे.

एका पिस्तुलाच्या निवडीशीं मुंबई शहराचा संबंध आहे, तो विंस्टन चर्चिल यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. १८९६ च्या ऑक्टोबरांत चर्चिल आपल्या पलटणीबरोबर मुंबईस आले. ससून डॉकच्या पायऱ्यांपाशीं होडी लाटांवर चार-पांच फूट वरखालीं होत होती. उतरण्याच्या घाईंत त्यांनीं भिंतींतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यांत होडी खालीं गेली, आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. तो पुढें जन्मभर दगा देत राहिला. दोन वर्षांनीं, १८९८ च्या सप्टेंबरांत, सुदानांतील ओम्दुर्मान येथें एकविसाव्या लान्सर्सच्या हल्ल्यांत ते घोड्यावर होते. या खांद्यामुळें हातघाईंत तलवार वापरावयाची नाहीं हें त्यांनीं आधींच ठरविलें होतें, आणि नव्या धर्तीचें, दहा बारांचें जर्मन माउझर पिस्तूल लंडनमध्यें खरेदी केलें होतें. त्या पिस्तुलाची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल; वेब्लेच्या मालकांस तें ध्यान वाटे. दौडत्या घोड्यावर तलवार म्यान करून तें पिस्तूल काढणें हीच एक कसरत. ती साधली, आणि ते जिवंत बाहेर पडले. तलवारच हातीं असती तर आपली कथा सांगावयास आपण उरलों नसतों, अशा अर्थाचें त्यांचें स्वतःचें मत आहे. ससून डॉकच्या त्या कडीचे इंग्लंडनें आभार मानावे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतांपर्यंतच्या या सर्व बैठकींत आपलें मनुष्य कोठें बसलें होतें? १८५७ नंतर लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचें काम प्रांतोप्रांतीं झालें, आणि १८७८ मध्यें, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, हत्यारांचा कायदा आला. त्याच वर्षीं देशी भाषांतील वर्तमानपत्रांवरही कायदा झाला. वर्तमानपत्रांचा कायदा थोड्याच वर्षांत गेला, हत्यारांचा राहिला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा. आणि युरोपियनांस परवान्याची माफी. पुण्याच्या किंवा बेळगांवच्या छावणींत नुकत्याच मिसरूड फुटलेल्या सब-लेफ्टनंटनें वेब्ले बरें कीं माउझर बरें यावर तासभर बोलावें. त्याच गांवच्या वकिलानें रानडुकरांपासून आपलें शेत राखण्यास एक ठासणीची बंदूक मागितली, तर कलेक्टर कचेरींत खेपा घालाव्या. काँग्रेसनें आपल्या प्रारंभींच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. पुढें अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनींही एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणाऱ्या या कायद्यास इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत गणलें. ज्यांना हत्यार नको होतें त्यांनाही तें आपल्याला नाकारलें जाणें बोचत होतें.

ज्या तरुणांनीं नकार मानला नाहीं, त्यांच्या वांट्यास निवड आली नाहीं. १९०९ मध्यें विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें काडतुसांसह हिंदुस्थानांत पाठविलीं. इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानांतल्या पेटीच्या दुहेरी तळांत तीं लपवून आलीं. चपटें, कोटाच्या खिशांत मावणारें हें पिस्तूल ब्राउनिंग या अमेरिकनानें कल्पिलेलें आणि बेल्जममध्यें बनलेलें. घोडा आंत झांकलेला, कोठें अडकावयाचा नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २१ तारखेस नाशिकच्या विजयानंद थिएटरांत 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, बदली होऊन जाणाऱ्या कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठीं. जॅक्सन संस्कृताचे जाणकार होते. अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलानें ब्राउनिंगनें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९१० च्या एप्रिलांत ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांस फांशी झाली.

खटल्यांच्या कागदांत त्या पिस्तुलाचें वर्णन आहे: बनावट, माप, काडतुसें, आलें कोणाकडून आणि गेलें कोणाकडे. मूठ हातास कशी बसे, चाप जड होता कीं हलका, याविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं.